अडलेलं जांभळं

अल ऐनच्या एका राऊंडअबाऊटवर
पेटुनियाचा झेंडा करायचा होता:
लालाला लाल, हिरव्याला नुसतं गवत,
काळ्यासाठी सापडेल तो सर्वांत गडद जांभळा,
आणि पांढऱ्या पट्ट्याला अकरा हजार रोपं.
ठिपका चालणार नाही, असं कंत्राटात नव्हतं.
कुणाला सुचलं असतं?

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात
कुंजुमोननं ट्रे उचलला आणि हाक मारली,
"परकारभाई, इकडे या, शाई सांडलीय."

शाई नव्हती.
एका पाकळीवर वाटाण्याएवढा जांभळा डाग,
दुसरीवर टाचणीच्या टोकाएवढे दहा-बारा,
तिसरी अर्धी सरळ रंगलेली,
जशी कुणी कडेनं बुचकळून काढली.
मी थुंकी लावून घासून पाहिलं.
दापोलीत डिप्लोमा केलेला माणूस मी,
आणि थुंकी लावून घासून पाहिलं.

विद्यापीठातून मातीचे नमुने न्यायला हुदा येते.
तिची हिंदी टीव्हीवरची, माझी अरबी बाजारातली,
त्या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी तिनं सांगितलं:
रंग करायचा हुकूम पेशीत लिहिलेला असतो.
त्याच्या मधोमध डीएनएचा एक तुकडा
येऊन बसलाय, उपरा.
वाक्य तुटलं, रंग थांबला.
हे पांढरं म्हणजे पांढरं नाही,
अडलेलं जांभळं.
पण तुकड्याला बूड नाही. एखाद्या पेशीत उठतो, जातो,
वाक्य पुन्हा जुळतं
आणि त्या पेशीची सगळी लेकरं जांभळी.

"डाग केवढा आहे ते बघ," म्हणाली.
"पाकळी इवलीशी असताना उठला, तर मोठा पट्टा.
पुरी होत आल्यावर उठला, तर हा एवढासा.
कधी गेला, ते त्यात लिहिलेलं असतं."

ती गेल्यावर मी ट्रेजवळ बसून राहिलो.
अब्बा कुवेतला गेले
तेव्हा मी चाळीस दिवसांचा.
अख्खं घर रंगलं: पडवी पिस्त्याची, खांब गुलाबी,
न्हाणीघरसुद्धा निळं.
मी निघालो एकेचाळिसाव्या वर्षी.
माझ्या वाट्याला कुंपणाची भिंत आली,
तीही फक्त रस्त्याकडची.

इन्स्पेक्टर खल्फाननं चष्मा कपाळावर चढवला.
म्हणाला, सुंदर आहे.
म्हणाला, काढून टाका.
दोन्ही एकाच आवाजात.

एक रोप मी दूध पावडरच्या डब्यात लावलं,
कॅम्पच्या जिन्याखाली,
जिथे वरच्या मजल्याच्या एसीचं पाणी ठिबकतं.
मार्चमध्ये बी धरलं. बी कसलं, धूळच;
मोजायला वाकलो तर श्वासानं निम्मी उडाली.

पुढच्या थंडीत सहा रोपं आली.
चार तशीच, शिंतोड्यांची.
एक पुरं जांभळं, मुळापासून कुणी कधी आलंच नव्हतं असं.
आणि एक कोरं. ठिपका नाही, रेघ नाही.
हुदानं ते बराच वेळ हातात धरलं.
"तपासायला हवं. पण इथूनही गेला असेल तो.
जाताना कधी कधी दोन-चार अक्षरं मागे राहतात.
मग वाक्य काही लागत नाही."

"आणि गेला तो कुठे जातो?"
"लांब नाही. त्याच पेशीत,
दुसऱ्या कुठल्या तरी वाक्यात जाऊन बसतो.
कुठल्या, ते शोधायला फार वाचावं लागतं."

शुक्रवारी नाजिमचा व्हिडिओ कॉल.
गेट बसलं, अब्बा. रंगवाला उभा आहे.
कुठला सांगू?
त्याच्या मागे माझी भिंत दिसत होती,
खाऱ्या वाऱ्यानं पोपडे आलेली,
आणि पोपड्यांखाली सिमेंट.

डबा माझ्या पायाशी होता.
म्हटलं, त्याला आधी चहा दे.
मी सांगतो.